कोणाला कोण जामीन

शनिवारी दुपारी बँक अर्धी मिटली की
अदनान पिंजारी जळगावहून पॅसेंजरने अमळनेरला येतो,
पाठीवर लॅपटॉप, खिशात रुमालात गुंडाळलेला खडू.
खडू लागतोच त्याला. म्हणतो, पडद्यावरची चूक लगेच ओरडते,
फळ्यावरची थोडा वेळ बरोबर असते.

मी सत्तेचाळीस वर्षांची. जोखीम विभागात एकटी.
विभाग म्हणजे जिन्याखालचं टेबल
आणि एक कुलर, ज्यात पाणी मीच ओतते.

सुरुवात नलपासून झाली.
शून्य नाही तो. रिकामी जागाही नाही.
'माले माहीत नही' म्हणून गप्प बसलेला माणूस,
आणि असे दोघे समोरासमोर आणले
तरी ते सारखे आहेत असं यंत्र म्हणत नाही.
हे मला पटायला वेळ लागला नाही.
माझ्या रेशनकार्डावर चौदा वर्षं तशी एक ओळ आहे:
नवऱ्याचं नाव, व्यवसायाचा रकाना, पुढे काही नाही.

मग नावं.
भास्कर दगा शिसोदे, बी. डी. शिसोदे,
भास्करअप्पा, आणि शिसोदे भास्कर दगडू.
चार खाती, तिरपी सही एक.
तिघांना एका किल्लीखाली आणलं.
चौथा वेगळाच निघाला. चहार्डीचा. वारलेला.

लॅग म्हणजे चालू ओळीवर उभं राहून
मागच्या ओळीकडे वळून बघणं, तिला न हलवता.
मार्चचा हप्ता वेळेवर, एप्रिलचा नऊ दिवसांनी, मेचा एकतीस.
आमचे जुने मॅनेजर बोरसेभाऊ हे चालीवरून ओळखत:
'बँकेसमोरचा रस्ता सोडून
माणूस मागच्या गल्लीने जायला लागला की समजायचं.'
अदनानने ते वाक्य फळ्यावर उतरवून घेतलं
आणि त्याच्या खाली लिहिलं, पार्टिशन बाय.

पत्रे तापून वाजत होते त्या दुपारी
मी जामीनदारांची साखळी लिहिली.
कर्जदार, त्याचा जामीनदार,
तो स्वतः कुठे कर्जदार, मग त्याचा जामीनदार,
स्वतःलाच पुन्हा पुन्हा विचारणारा प्रश्न.
एंटर दाबलं.
चहा आला. चहा निवला. साय धरली.
'ताई, थांबायची अट विसरलात.'
विसरले नव्हते. अट होती:
ज्याला कोणीच जामीन नाही, तिथे थांब.
तसा माणूसच मांडळमध्ये सापडेना.

हिलालला सुकदेव, सुकदेवला उखा, उखाला कोणी मेहुणा,
मेहुण्याला फिरून हिलाल.
सव्वीस जण गोलाकार एकमेकांच्या मांडीवर बसलेले,
आणि खाली खुर्ची नाही.

वाटेत भेटलेलं नाव जपून ठेव,
तेच पुन्हा भेटलं की थांब, असं लिहिलं.
अडीच सेकंदांत यादी आली.
एकोणिसाव्या ओळीत मी.
रंजनाचं शिलाई मशीन, पन्नास हजार.
सही घ्यायला ती पेढे घेऊन आली होती,
मी पेढा खाल्ला, कागद वाचला नाही.

एक डिलीट पुरलं असतं.
पासवर्ड माझ्याकडे, व्यवहार उघडा, कमिट बाकी.
अदनान खिडकीतून पाण्याची टाकी बघत होता,
त्या टाकीत बघण्यासारखं काहीही नाही.
हात टेबलावर तसाच राहिला,
बोटांना पेढ्याचा नाही, खडूचा वास.
मग रोलबॅक.

सोमवारी संचालक मंडळ.
'मंग धोका कितला शे?' चेअरमननी विचारलं.
आकडा सांगितला. माझं नाव त्यात आहे हेही सांगितलं.
कोणी काही बोललं नाही, पंखा तेवढा बोलत राहिला.
ते यादीवरून बोट फिरवत गेले
आणि अकराव्या ओळीवर थांबले.
'हाऊ ते मना याही शे.'
मी म्हटलं, साहेब,
तो रकाना अजून केलेला नाही.